दुसऱ्या कोनालेच लागू नाई

जा.क्र. ४१/२०२५
प्रज्ञा आर्ट्स, बसस्टँडसमोर,
अल्लीपूर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. मेघा,

सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

पत्र पाहून तू म्हणशील, काका, मेसेज टाकला असता. मेसेजला माणूस लगेच उत्तर देतो, आणि लगेच दिलेले उत्तर विचार करून दिलेले नसते. मला विचार करून दिलेले पाहिजे.

काम असे. 'व्यक्तिमत्त्व' या शब्दाचे मूळ मला पक्के हवे आहे. तू पुण्यात कॉलेजात मानसशास्त्र शिकवतेस, तुमच्या लायब्ररीत मोठे कोश असतील. मी दहावी नापास आहे हे मी कोणापासून लपवत नाही, उलट आपणहून सांगतो, कारण त्यानंतर जे वाचले ते परीक्षेच्या भीतीने वाचलेले नाही. तर माझ्या माहितीप्रमाणे इंग्रजी 'पर्सनॅलिटी'चे मूळ लॅटिन 'पर्सोना'. पर्सोना म्हणजे नटाचा मुखवटा. 'पेर' म्हणजे आरपार, 'सोनारे' म्हणजे आवाज करणे. मुखवट्याच्या उघड्या तोंडातून नटाचा आवाज घुमून बाहेर येई, म्हणून पर्सोना. वर्ध्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या कोशात हे मी स्वतः वाचले आहे. पान ६१८. तरी तू एकदा पडताळून कळव.

या शब्दाशी माझा संबंध किती, हे तुला माहीत नसेल. बोर्ड आणि फ्लेक्स हा माझा धंदा. पण १९९४ पासून या भागातली बहुतेक मानपत्रे मीच लिहितो. वहीप्रमाणे आजवर २१२. त्यांपैकी १८७ मध्ये 'व्यक्तिमत्त्व' आहे, आणि प्रत्येक ठिकाणी 'त' दोन आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी छापलेल्या मानपत्रांत एकच 'त' मी डोळ्यांनी पाहिला आहे. माझी पद्धत पक्की आहे. नऊ साचे केले आहेत. महसूल खात्याला साचा क्र. ३, शिक्षकांना आणि वीज खात्याला ५, सोसायटीच्या संचालकांना ७. नाव, सेवेची वर्षे आणि गावे घातली की अर्ध्या तासात काम होते, आणि आजवर एकाही सत्कारमूर्तीने तक्रार केलेली नाही.

या विषयावर लेख लिहावा असे मनात आहे. दुसरे काही नाही.

सुलोचनाताई ३० तारखेला अंगणवाडीतून निवृत्त होत आहे. पासष्ट पूर्ण. सेवा चाळीस वर्षे. ग्रामपंचायतीने सत्कार १४ डिसेंबर, रविवारी ठेवला आहे. मानपत्र अर्थात मीच लिहीन.

तुझा
गजेंद्रकाका


पुणे
१५ नोव्हेंबर

ती. गजेंद्रकाकांना,

सविनय जयभीम.

तुमचे पत्र आमच्या विभागात सगळ्यांनी हाताळून पाहिले. 'जा.क्र.' बघून शिपायाने ते आधी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले होते.

आता रागावू नका. मुखवट्यापर्यंतचे तुमचे सगळे बरोबर आहे. 'आरपार आवाज' मात्र बहुधा खरे नाही. रोमन लोकांनीच ती व्युत्पत्ती सांगितली, म्हणून ती कोशांत शिरली. पण स्वरांची लांबी जुळत नाही असे जाणकार म्हणतात. रोमच्या उत्तरेला त्यांच्याही आधी वेगळेच लोक राहत. त्यांच्या एका थडग्याच्या भिंतीवर मुखवटा घातलेला माणूस रंगवलेला आहे आणि शेजारी 'फेर्सु' असे लिहिले आहे. शब्द तिकडून आला असावा. असावा. खात्रीने कोणी सांगत नाही.

पुढचा प्रवास मला जास्त आवडतो. मुखवटा म्हणजे पर्सोना, मग नाटकातले पात्र, मग माणसाची समाजातली भूमिका. रोमन कायद्यात पर्सोना म्हणजे ज्याला हक्क आहेत तो. गुलामाला पर्सोना नाही, असे ते म्हणत. हे वाचताना मी थांबले, काका. तुम्हीही थांबाल. इंग्रजीत आल्यावर सुरुवातीला पर्सनॅलिटी म्हणजे फक्त 'माणूस असणे', वस्तू नसणे. इतरांपेक्षा वेगळे असणे हा अर्थ नंतरचा. मध्ये एका काळात तर एखाद्यावर केलेल्या खोचक शेऱ्यांना 'पर्सनॅलिटीज' म्हणत! आणि शंभरेक वर्षांपासून ती कमवायची, वाढवायची गोष्ट झाली. 'तीस दिवसांत व्यक्तिमत्त्व विकास' हा हिंगणघाटच्या चौकातला फ्लेक्स कोणी केला होता, ते मला विचारू नका.

आमच्या शास्त्रात आता पाच मापे आहेत आणि प्रश्नावली आहे. पन्नास प्रश्न, वीस मिनिटे.

एक सांगू? बाबांच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तुम्ही 'उमदे व्यक्तिमत्त्व' लिहिले होते. ते तुमचे चुलतभाऊ, तुम्ही मनापासूनच लिहिले असणार. पण आमचे बाबा उमदे कुठे होते? रुसायचे. रुसले की सायकल पुसत बसायचे. आजही कोणी सायकल पुसताना दिसले की मला वाटते, याला समजवायला हवे.

सुलोचनाबाईंचे मानपत्र तुम्ही लिहिणार, हे वाचून छान वाटले. (मी त्यांना अजून बाईच म्हणते, अंगणवाडी सुटली तरी सवय सुटली नाही.) सख्ख्या भावाने लिहिलेले मानपत्र! त्यांना काय आनंद झाला असेल.

तुमची
मेघा


जा.क्र. ४२/२०२५
अल्लीपूर
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

चि. मेघा,

जयभीम.

'असावा' हे उत्तर नव्हे. पान ६१८ वर स्वच्छ छापलेले आहे, आणि छापलेले कोणीतरी तपासलेले असते. रोमन लोकांना त्यांचाच शब्द कळला नाही आणि पुण्याच्या लायब्ररीला कळला, हे मला पटत नाही. तरी तुझा मुद्दा वहीत नोंदवून ठेवला आहे.

(वरचा मजकूर सकाळी लिहिला. आता दुपार आहे. दुकानात कोणी नाही.)

'काय आनंद झाला असेल' हे तुझे वाक्य मी चार वेळा वाचले. लेख वगैरे काही नाही, मेघा. झाले ते सांगतो.

२ नोव्हेंबरला संध्याकाळी ताईचे मानपत्र तयार झाले. साचा क्र. ५, पण त्यात मी सात ठिकाणी बदल केले होते. इतके बदल मी कोणासाठी करत नाही. ताई ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत होती, तुझी काकू छाया चहा गाळत होती. मी चष्मा लावला आणि उभ्याने वाचायला लागलो. 'आपल्या प्रसन्न व भारदस्त व्यक्तिमत्त्वाने आपण या परिसरात सेवेचा जो दीप उजळला...'

ताई मान वर न करता म्हणाली, "त्याच्या प्रकाशात येणाऱ्या पिढ्या वाटचाल करतील."

मी थांबलो.

"वाच ना. काऊन थांबला?"

मी पुढचे वाक्य सुरू केले. तिने पूर्ण केले. तिसरे मी सुरूच केले नाही. ते तिने पहिल्यापासून म्हटले, 'बहुआयामी'सकट. सेवानिवृत्तीनंतरचे आयुष्य सुखासमाधानाचे जावो इथपर्यंत. शेंगा मोडणे चालूच. छाया चहाचे भांडे हातात धरून हसत होती. म्हणाली, "ताईले तुमचे नऊचे नऊ पाठ हायेत. तुम्ही रात्री मोठ्यानं वाचता, आम्ही काय कान काढून ठेवतो का?"

मी म्हणालो, "सात ठिकाणी बदललं हाये ताई."

"हो. लाइनमन बंडूजीचं होतं त्याच्यात 'खांब' होता, माह्यात 'अंगण' हाये." मग तिने शेंगांचे ताट बाजूला ठेवले. "हे पाह्य गजू. मले हे नको. लोकाईले दे, लोकं खुश होतात. मले एक वाक्य लिहून दे. एकच. पन ते दुसऱ्या कोनालेच लागू झालं नाई पायजे. ते जमलं तं मी खुर्चीवर बसतो. नाई जमलं तं सरपंचाले सांगजो, बाईचे गुडघे दुखून राह्यले, येत नाई."

आमच्याकडे बायकाही 'बसतो' म्हणतात, तुला सांगायला नको. ताई असे हसत म्हणते तेव्हा ती थट्टा नसते, हेही तुला सांगायला नको.

त्यानंतर मी एकोणीस वाक्ये लिहिली. रोज एक तिच्यापुढे ठेवतो. ती वाचते आणि फक्त एक नाव घेते. 'मुलांवर पोटच्या लेकरांसारखे प्रेम केले.' ती म्हणाली, "मदतनीस नलू." 'कधी वेळ चुकवली नाही.' "पोस्टातला सदाशिवराव." 'स्वतःसाठी काही मागितले नाही.' हे तिने दोनदा वाचले. मला वाटले जमले. मग म्हणाली, "आपली माय."

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, ताई सोळाची. मला तिने वाढवले. तिचे लग्न झाले, दीड वर्षात ती परत आली, आणि त्याबद्दल मी आजवर तिला एक शब्द विचारलेला नाही. छप्पन वर्षे एका घरात आहे. २१२ लोकांवर लिहिले, त्यांतल्या निम्म्यांना मी धड ओळखतही नव्हतो, आणि कोणाचे अडले नाही. इथे एक वाक्य अडले आहे. पत्रिका छापून आल्या आहेत. मीच छापल्या.

ती प्रश्नावली पाठव. ताबडतोब.

गजेंद्रकाका


पुणे
२६ नोव्हेंबर

ती. काका,

जयभीम.

माझे 'काय आनंद झाला असेल' परत घेते. मला वाटले, एखाद्या मासिकासाठी लेख लिहिताय आणि मोठेपणाने मूळ शोधताय.

प्रश्नावली सोबत आहे. पण आधीच सांगते, तिच्यातून ते वाक्य निघणार नाही. तिच्यात निघतो तो आकडा. गर्दीत हा माणूस कुठे उभा आहे, शंभरातल्या किती जणांपेक्षा जास्त बोलका, किती जणांपेक्षा कमी धास्तावलेला, एवढे ती सांगते. बाईंसारखाच आकडा असलेले लाखभर लोक सापडतील. बाईंनी घातलेली अट आमच्या शास्त्रालाही जमलेली नाही, हे मी वर्गात सांगायला हवे.

तुमच्या अडचणीचा विचार करताना एक गोष्ट डोक्यात आली. तुम्ही बाई कशा *आहेत* ते लिहिताय. त्या काय *करतात* ते लिहून पाहा.

मला आठवते ते सांगते. चार वर्षांची असेन. मी अंगणवाडीत बोलायचे नाही. एक शब्द नाही. आई सांगते की घरीही कमीच. पर्यवेक्षिका आल्या की मला पुढे करून "नाव सांग बेटा" म्हणायच्या आणि मी चड्डीत मुतायचे. बाईंनी मला कधी बोल म्हटले नाही. एक दिवस त्यांनी अंगणवाडीची चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः पाण्याची बादली उचलली, जणू त्यांचे हात अडकले आहेत. रोज तेच. मी पुढे, बाई मागे. कुलूप गार असायचे. उघडल्याचा आवाज झाला की बाई म्हणायच्या, "झालं." बस, तेवढेच. पावसाळ्यापर्यंत मी बोलायला लागले होते, असे म्हणतात. मी आज वर्गात दोन-दोन तास बोलते आणि मला अजूनही आधी हातात काहीतरी धरावे लागते. खडू, पेन, काहीही.

आणि आणखी एक. खिचडी झाली, मुले पांगली, की बाई खिडकीशी बसून एका वहीत लिहायच्या. सरकारी रजिस्टर नव्हे, ते मोठे असायचे. ही लहान, शाळेची, दुरेघी. आम्ही विचारायचो तर म्हणायच्या, "तुमची गंमत लिहितो." काका, त्या काय लिहायच्या? तुम्ही एकाच घरात राहता. तुम्हाला माहीत असेलच.

मेघा


जा.क्र. ४३/२०२५
अल्लीपूर
गुरुवार, ४ डिसेंबर २०२५

चि. मेघा,

जयभीम.

मला माहीत नव्हते.

आधी प्रश्नावली. ती मी ताईच्या वतीने भरायला घेतली. पन्नासपैकी एकोणीस प्रश्नांची उत्तरे मला आली. 'या व्यक्तीला अनोळखी लोकांत थकवा येतो का?' माहीत नाही. 'ही व्यक्ती जुने अपमान आठवते का?' माहीत नाही. 'हिला संगीत आवडते का?' ताईला संगीत आवडते का, मेघा? मी तिला विचारायला गेलो. ती म्हणाली, "तूच भर. छप्पन वर्षं सोबत हायेस." मी प्रश्नावली घडी करून कोशात ठेवली. पान ६१८ वर.

मग वहीचे विचारले. ताईने पदराच्या गाठीतून किल्ली काढून दिली. शिलाई मशीनच्या खालच्या पेटीत एक्केचाळीस वह्या आहेत. मला वाटत होते की तिथे चिंध्या आहेत.

एका लेकराला एक ओळ. नाव, आणि पुढे ओळ. वर्षात पंचवीस-तीस लेकरे. मी तीन दिवस दुकान उघडले नाही. काही ओळी जशाच्या तशा उतरवतो. काना-मात्रा मी बदललेली नाही, आणि मला ते किती जड गेले हे तुला समजेल.

'आदेश – पडला तं आधी इकडेतिकडे पाह्यते. कोनी पाहून राह्यलं असन तरच रडते.'

'अंकिता – आपल्या ताटातली खिचडी दुसऱ्याले देते अन् मंग त्याच्याजवळून मागून खाते. मागून खाल्ली का गोड लागते तिले.'

'कैलास – झोपेत मुठ बांधते. मुठीत काई नसते.'

'राकेशची मेघा – बोलत नाई. चावी हातात असली का सरळ चालते. बोलाचं काम कुलुपाले करू द्या.'

तुझ्या ओळीवर मी बोट ठेवून बसलो होतो तेव्हा छाया चहा ठेवून गेली.

आता मला काय दिसले ते सांगतो, आणि हे मी मोजले आहे. अकराशे चौदा ओळी आहेत. 'हुशार' हा शब्द एकदाही नाही. 'गुणी' नाही. 'मस्तीखोर' एकदा आहे, तो खोडलेला आहे. 'व्यक्तिमत्त्व' शून्य. आणि त्यांतली एकही ओळ उचलून दुसऱ्या नावापुढे ठेवता येत नाही. मी ठेवून पाहिली. माझी २१२ मानपत्रे शेजारी काढली होती. त्यांतली नावे काढली तर मलाही सांगता येणार नाही की कोण कुठला.

या घरात लिहिणारा मी आहे, असे मी एकतीस वर्षे धरून चाललो होतो. लोकही तसेच म्हणतात. ताईने कधी नाही म्हटले नाही.

वह्या एक्केचाळीस आणि नोकरीची वर्षे चाळीस, हा हिशेब मला जुळेना. पहिली वही नोकरीच्या आधीची आहे, प्रशिक्षणातली. तिच्यात एकच नाव आहे. माझे. पुढे एक ओळ आहे. ती मी इथे उतरवत नाही.

सत्काराला दहा दिवस आहेत. मी नवीन वाक्य लिहिलेले नाही. सकाळी ताई निघते तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसतो. ती निवृत्त झाली आहे, पण नवीन बाई रुजू होईपर्यंत चावी तिच्याकडेच आहे. पायरीवरून अंगणवाडीचे दार दिसते. हे दुकान मी सत्तावीस वर्षांपूर्वी थाटले, तेव्हापासून ते दार तिथेच आहे.

गजेंद्रकाका


पुणे
८ डिसेंबर

ती. काका,

जयभीम.

माझी ओळ मी आईला फोनवर वाचून दाखवली. तिने ती आणखी दोनदा वाचायला लावली.

मला १४ला यायचे होते. विद्यापीठाची परीक्षा आहे आणि देखरेखीची ड्युटी बदलून मिळाली नाही. बाईंना सांगा.

तुम्ही पहिल्या पत्रात विचारले होते, त्यातला आपल्या भाषेचा भाग राहिला होता. 'व्यक्तिमत्त्व' हा घडवलेला शब्द, अलीकडचा. पण त्यातला 'व्यक्त' जुना आहे. व्यक्त म्हणजे दिसू लागलेले, उघड झालेले. त्यांचा शब्द मुखवट्यापासून निघाला आणि आपला दिसण्यापासून. हे मी मोठ्या उत्साहाने लिहायला घेतले आणि आता वाटते की पायरीवर बसलेल्या माणसाला हे पत्राने कळवायची गरज नाही.

तुमच्यावरची ओळ काय आहे? विचारल्याशिवाय राहवत नाही. सांगू नका वाटले तर.

मेघा


अल्लीपूर
१६ डिसेंबर, मंगळवार

मेघा बेटा,

जयभीम. मी तुही बाई सुलोचना. माह्या पत्राले नंबर नाई. तुह्या काकानं कार्बन देल्ला होता, मी परत केला.

तू आली नाई म्हणून सांगून राह्यलो. मंडप शाळेसमोर होता. माणसं पायजे तेवढी होती. मी घरूनच ठरवून गेलतो, का मागं नलूजवळ बसाचं. खुर्चीवर जाचं नाई. काकानं मले काई दाखवलं नव्हतं. रोज वाक्य आणत होता, ते बंद केलं होतं. मले वाटलं, सोडलं यानं. तोंड मातर उतरलं होतं त्याचं.

सरपंच बोलले, मंग म्हणाले, मानपत्राचं वाचन गजेंद्रभाऊ करतीन. हा उठला. हातात फ्रेम नाई. खिशातून चिठ्ठी काढली. लोकं पाहून राह्यले का फ्रेम कुठं गेली. सदाशिवराव मागून बोलले, "भाऊ, काच फुटली का?" लोकं हासले. इतर वक्ती यानं त्याईले उत्तर देल्लं असतं. या वक्ती चष्मा लावला अन् वाचलं. तसंच लिहितो.

"सुलोचनाबाई अंगणवाडीले कुलूप लावतात, दोन खेपा ओढून पाहतात, चार पावलं जातात, अन् परत येऊन कुलूप उघडून आत पाहतात, का कोनतं लेकरू झोपेत राहून तं नाई गेलं."

बस. चिठ्ठी घडी केली अन् उभा राह्यला. त्यानं ते आपल्या बोलीत लिहिलं होतं बेटा, पुस्तकातल्या नाई. लोकं थांबून होते का पुढं दीप येईन, प्रकाश येईन. काई आलं नाई. मंग मागून तुह्यासंग होता तो आदेश, आता ट्रॅक्टर चालवते, तो बोलला, "हो ना बे, रोज!" अन् एक बाई बोलली, "मी पाह्यलं हाये." मंग सगळेच बोलाले लागले. कोनी टाळ्या वाजवल्या नाई, सगळे एकमेकाईले सांगत होते.

तो माह्याकडे पाहत होता. मी नाव घेईन म्हणून. बंडूजी, का नलू, का माय.

मी पाह्यलं बापा मनातल्या मनात, सगळ्याईले लावून पाह्यलं. नाई लागलं कोनाले. उठलो अन् खुर्चीवर जाऊन बसलो. गुडघे खरंच दुखत होते, ते वेगळं.

तुले त्याची ओळ पायजे होती ना. तो सांगनार नाई, मी सांगतो. मी ट्रेनिंगले गेलतो तेव्हा एक कागद देल्ला होता भराले. त्याच्यात एका खान्यावर लिहिलं होतं, बालकाचे व्यक्तिमत्त्व. मले तो शब्दच समजला नाई. घरी आलो अन् याले विचारलं. सोळा वर्षाचा होता, नापास होऊन घरी बसलता. त्यालेही माहीत नव्हतं, ते मले दिसत होतं. पन तो मले म्हणे, ताई, ही फार गहन संकल्पना हाये, तुले नाई समजनार. मंग मी त्या खान्यात जे दिसते ते लिहाले लागलो. पहिली ओळ त्याचीच लिहिली. 'गजेंद्र – चुकला का मोठे शब्द बोलते.'

काल ते पान काढलं अन् खाली लिहिलं, 'छप्पनव्या वर्षी – चुकला, अन् पायरीवर बसून पाह्यत राह्यला.' त्याले दाखवलं नाई अजून. किल्ली मशीनवर ठेवून देल्ली हाये, पाह्यलं तं पाह्यन.

आता एक गोष्ट फक्त तुले. त्याचं वाक्य बरोबर हाये, पन काऊन ते त्याले माहीत नाई. तो चार वर्षाचा होता. माय वावरात. मी तेरा वर्षाची, घराले कुलूप लावलं अन् पाण्याले गेलो, तिथून मैत्रिणीसंग खेळाले. मले वाटलं हा मायसंग गेला. हा आत झोपला होता. दिवस बुडता आलो तं दारामागं बसून होता. रडून रडून आवाज बसला होता. मले पाहून काईच बोलला नाई. आठ दिवस बोलला नाई. मंग बोलाले लागला तं थांबलाच नाई, ते तू पाहूनच राह्यली. त्याले काईच आठवत नाई. मायलेही मी सांगितलं नाई.

कुलूप ओढून पाहतो तेव्हा मले त्याचंच तोंड दिसते.

तू त्याले सांगू नको. त्यानं इतक्या वर्षानं एक खेप नीट पाह्यलं, तेवढं राहू दे त्याच्याजवळ. काल चावी नवीन बाईले देल्ली. ती पोरगी चांगली हाये. कुलूप लावलं, एक खेप ओढलं, अन् चालली. मी घराकडे निघालो. आज दुपारी मी घरात पडून होतो तं छाया सांगत आली, "ताई, हे दुकान उघडं टाकून कुठं गेले?" मी खिडकीतून पाह्यलं. तुहा काका अंगणवाडीच्या दारात उभा होता. दाराच्या फटीतून आत पाहून राह्यला होता.

सुट्टीत येजो.

तुही बाई
सुलोचना